वर्गणीतली विलायत



दूरच्या देशांची स्वप्नं आणि तिथं जाण्याची तयारी, हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांपैकी एक गृहस्थ जरा चपापले. स्मृतिव्याख्यानाला शेती, पाणी, सहकार, फार तर संतवाङ्मय शोभतं. हे म्हणजे सहल कंपनीचं काम झालं, असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर वाचता येत होतं. मी त्यांना म्हणालो, विमान सुटल्यानंतरच्या गोष्टी मला सांगायच्याच नाहीत. त्या सांगणारे मराठीत थोर लोक होऊन गेले. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपानं आली आणि विलायत मराठी माणसाच्या दिवाणखान्यात येऊन बसली. मला बोलायचंय ते निघण्याआधीच्या दिवसांबद्दल. कुणाला जावंसं वाटलं, कुणाला जाऊ दिलं गेलं, पैसे कुणी घातले आणि कागद कुठं अडले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची पंचाईत नको. सातारा आणि सांगली, म्हणजे १९४९ पर्यंतचा आपला एकच जिल्हा आणि त्यात विखुरलेली संस्थानं, या मुलखात परदेशाचं स्वप्न एकट्याच्या ऐपतीवर फार थोड्यांनी पुरं केलं. जाणारा एक असायचा, खर्च अनेकांच्या अंगावर पडायचा. कधी तो राजानं उचलला, कधी गावानं, कधी एखाद्या प्राचार्यानं स्वतःचं घर गहाण टाकून. आज जाणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली, पण ही वाटून घेण्याची रीत मोडली. ती मोडू द्यायला नको होती, असं मला वाटतं.

सुरुवात रंगो बापूजी गुप्त्यांपासून करायला हवी. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. आपल्यावर अन्याय झाला आहे आणि लंडनला जाऊन नीट मांडला तर तो दूर होईल, असा प्रतापसिंहांना भरवसा होता. हे काम घेऊन रंगो बापूजी १८४० साली विलायतेला गेले. सुएझचा कालवा व्हायला तेव्हा अजून २९ वर्षं होती. साताऱ्यातला कारभारी माणूस, इंग्रजीचा सराव नाही, थंडीची सवय नाही, आणि जायचं ते कंपनी सरकारच्याच दाराशी कंपनीविरुद्ध दाद मागायला. तिथं ते इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांपुढं गाऱ्हाणं मांडत राहिले, पार्लमेंटमधल्या जोसेफ ह्यूमसारख्या माणसांना आणि गुलामगिरीविरोधी वक्ता जॉर्ज थॉम्सन याला त्यांनी आपल्या बाजूला वळवलं. परतले ते १८५३ साली. मधल्या काळात, १८४७ साली, ज्यांच्यासाठी गेले ते प्रतापसिंह काशीत वारले आणि १८४८ साली डलहौसीनं साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. अशील गेला, दावा ज्या राज्यासाठी होता ते राज्यही गेलं, तरी वकील लंडनमध्ये कर्ज काढून उभाच.

निघताना आपल्याला तेरा वर्षं लागतील असं त्यांना वाटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. परदेशाचे बेत करणाऱ्यांचा हा पहिला धडा समजा: परतीची तारीख कागदावर असते, माणसाच्या हातात नसते. पुढं १८५७ साली साताऱ्यातल्या उठावाच्या कटात १७ जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कुणाला सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर मोठ्या तळमळीनं लिहिलं, म्हणून ते नाव तरी आपल्यापर्यंत पोचलं. आपण मात्र त्यांना 'अयशस्वी वकील' एवढ्यावर संपवतो. हा माणूस आपला पहिला मोठा परदेशप्रवासी होता आणि स्वतःसाठी तो गेलाच नव्हता.

प्रतापसिंहांचं नाव साताऱ्यातल्या एका शाळेला पुढं दिलं गेलं. त्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदलं गेलं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रवासाबद्दल आपण अभिमानानं बोलतो. त्यांच्या त्याआधीच्या एका प्रवासाबद्दल बोलताना मात्र आपला आवाज बारीक होतो, कारण तो प्रवास आपल्याच जिल्ह्यातला आहे.

साल १९०१. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि ते तिथं खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावून घेतलं. मग तयारी सुरू झाली. बाबासाहेबांनी पुढं हे सगळं लिहून ठेवलंय आणि त्या तयारीचं वर्णन मला फार मोलाचं वाटतं: नवे विलायती तऱ्हेचे सदरे, चकचकीत टोप्या, नवी पायताणं, रेशीमकाठी धोतरं. पोरांना बापाकडं जायचंय, आगगाडीनं जायचंय, आणि घर त्यासाठी उत्सवासारखं सजतंय. ज्यानं लहानपणी असा प्रवास केलाय त्याला हा आनंद समजावून सांगायला नको. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावापासून दहा मैलांवर, तिथवर टांगा केला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मंडळी मसूरला उतरली.

स्टेशनवर न्यायला कुणी नव्हतं. पत्र पोचलं होतं, पण नोकरानं ते वडिलांना दिलंच नव्हतं. चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तर आस्थेनं चौकशी करू लागला. पोरांनी जात सांगितली, आणि तो मागं सरला. एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानानं शेजारून चालायचं. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ही मुलं गोरेगावला पोचली. मसूर स्टेशन आजही पुणे-मिरज मार्गावर आहे. आपण त्यावरून जातो आणि चहावाल्याला हाक मारतो.

या आठवणी ज्या लेखनात आहेत त्याला बाबासाहेबांनी नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. मसूर ते गोरेगाव जाण्यासाठीही ज्यांना कुणाची तरी परवानगी लागत होती, त्यांना न्यूयॉर्कचं स्वप्न पडणं म्हणजे काय, याचा विचार करा. १९१३ साली ते निघाले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी, असा करार. १९१७ साली त्या करारापोटी ते बडोद्याला गेले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. तेही त्याच पुस्तकात आहे. राजानं पाठवलं, न्यूयॉर्कनं सामावून घेतलं, लंडननं शिकवलं आणि बडोद्यात अंथरूण टाकायला जागा नाही. तेव्हा मी जे वाटून घेण्याचं गुणगान करतोय त्यात हा खड्डा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढं जाऊ. खर्च उचलणारा एक असतो आणि परत आलेल्याला स्वीकारायचं असतं ते सगळ्यांनी.

काही लोक स्वप्न न पाहताच परदेशी गेले. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंग्यानं ४६ माणसं गमावली. गावाचं नावच पुढं अपशिंगे मिलिटरी झालं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागल्यावर कैदेत गेल्या. बसरा, बगदाद ही नावं आपल्याकडच्या आज्यांना नकाशातून कळलेली नाहीत. त्या परदेशी पलटणीनं नेलं, तिकीट सरकारचं होतं. यावर अधिक बोलायला वेगळं व्याख्यान हवं.

किर्लोस्करवाडीची हकीकत वेगळ्या वळणाची. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल स्टेशनाजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप हीच तिथली वस्ती. कारखाना अजून पैशाची ओढाताण सोसत होता, आणि १९२२ साली लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात पाठवलं. लोखंडी नांगर काढणाऱ्या माणसाला इंजिनं करायची होती. मुलाचं शिक्षण कारखान्याच्या आराखड्यातलं एक कलम होतं. परदेश हा शेवटचा मुक्काम नव्हे, परतीच्या कामाची खरेदी आहे, असा त्यामागचा विचार. आणि त्याच वाडीतल्या छापखान्यातून 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं बाहेर पडत होती आणि मराठी घरांत जगाच्या बातम्या टाकत होती. कुंडलच्या माळावरून खेड्यातल्या मास्तरणीला बर्लिन आणि टोकियो दिसत होतं, ही गोष्ट मला त्या इंजिनांइतकीच मोठी वाटते.

आता खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर. खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. तिथं ते गादीवरच्या कुस्तीत पहिल्यांदाच उतरले आणि तरीही आपल्या वजनगटात सहावे आले. आपल्या लाल मातीत घोळलेल्या पैलवानाचे पाय त्या गादीवर कसे ठरले असतील, देव जाणे. परतल्यावर चार वर्षं हेलसिंकीच्या ऑलिम्पिकचा एकच ध्यास. मद्रासच्या निवड चाचणीत निसटता पराभव झाला. त्यांनी दाद मागितली, फेरलढत मिळवली आणि जिंकली. कागद झाले, पण पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी जमेल तसं दिलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापूर-कराडकडं लहान पोराला विचारलं तरी सांगेल. जरा थांबून पाहा: १९५२ सालचे सात हजार, एका प्राचार्याचं राहतं घर, आणि तारण काय, तर एका विद्यार्थ्याच्या मानेच्या आणि कमरेच्या ताकदीवरचा भरवसा.

२३ जुलै १९५२ या दिवशी खाशाबांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारतातल्या खेळाडूनं वैयक्तिक प्रकारात मिळवलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. गावी परतल्यावर मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या असं सांगतात. मला मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट अधिक थोर वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकर सरांचं घर सोडवलं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. वर्गणी घेणाऱ्यानं ती अशी फेडायची असते. पुढं त्याच खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. बैलगाड्या लगेच जुंपता येतात, फायली हलायला वेळ लागतो.

अण्णाभाऊ साठ्यांचं स्वप्न निराळं होतं. वाटेगावचे अण्णाभाऊ, वाळवा तालुक्यातले. शाळेत दीड दिवस गेले. कोवळ्या वयात बापाबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी आले. तो त्यांचा पहिला दूरदेश. गिरणी, झोपडपट्टी, लाल बावटा कलापथक, आणि मग रशियाचं वेड. त्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला तेव्हा ते शहर पाहिलेलं नव्हतं. व्होल्गा पाहिली नव्हती, बर्फ पाहिलं नव्हतं. वारणेच्या खोऱ्यातला शाहीर ढोलकीवर एका न पाहिलेल्या शहराच्या वेढ्याची गाथा सांगतो आणि परळ-लालबागचे कामगार ती ऐकून मुठी आवळतात, याहून मोठा प्रवासबेत मला माहीत नाही. पुढं १९६१ साली ते खरोखर सोव्हिएत देशात गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. भारत-सोव्हिएत मैत्रीसाठी झटणाऱ्या मंडळींच्या खटपटीतून हे घडलं. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या लेखकाच्या खिशातून होण्याजोगा तो प्रवास नव्हता.

त्या पुस्तकाबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते की अण्णाभाऊंना तिथं सगळं चांगलंच दिसलं. दिसलं, खरंय. वीस वर्षं ज्या गावाला मनात वसवलं तिथं गेल्यावर माणूस उकिरडे मोजत बसत नाही. ती त्या पुस्तकाची उणीव आहे असं मीही म्हणेन, पण एवढ्या उत्कट तयारीनं गेलेला मराठी प्रवासी दुसरा कोण, हेही विचारीन. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. शाळेत न टिकलेल्या माणसाचा पुतळा परक्या देशाच्या ग्रंथालयात आहे, हे वाटेगावनं आणि आपण सर्वांनी मनात धरून ठेवावं.

आणि १९६१ साली जाणं म्हणजे काय होतं, हे आजच्या तरुणांना ठाऊक असायला हवं. पासपोर्ट हा तेव्हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारच्या मर्जीचा भाग होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी जाण्याचा अधिकार व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, आणि त्यानंतरच त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. परकीय चलनाची तर अशी टंचाई की एक काळ साध्या प्रवाशाला आठ डॉलर घेऊन देशाबाहेर पाऊल टाकावं लागे. आठ डॉलर! म्हणून परदेशात पोचल्या पोचल्या आपला माणूस कुणाचा तरी पत्ता शोधायचा, कुणाच्या तरी खोलीत सतरंजी टाकायचा. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. आठापासून अडीच लाखांपर्यंत आपण एका आयुष्यात आलो.

घरी राहणाऱ्यांचाही प्रवासात वाटा असतो. यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याचे, कराडचे, परराष्ट्रमंत्री झाले ते १९७४ साली. देशोदेशीहून ते वेणूताईंना पत्रं लिहीत, आणि ती 'विदेश दर्शन' या पुस्तकात आली आहेत. मंत्र्याच्या दौऱ्याचा सरकारी अहवाल दप्तरात गेला असेल, वाचनीय राहिली ती बायकोला लिहिलेली पत्रं. आपल्याकडं कित्येक बायांनी जग असं पाहिलं: नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या पत्रातून. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तुला कुठं जायचंय.

व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलियाला गेले आणि 'पांढरी मेंढरे हिरवी कुरणे' लिहिलं. माणदेशातला, बनगरवाडीचा लेखक. काळ्या घोंगडीचे धनगर आणि खुरट्या गवतावर फिरणारी मेंढरं पाहत वाढलेला. त्यानं ऑस्ट्रेलियाची कुरणं पाहिली ती आटपाडीच्या डोळ्यांनी, आणि म्हणून ते पुस्तक टिकलं. परदेशी जाण्याची खरी तयारी म्हणजे आपला तालुका नीट पाहिलेला असणं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. ते हसत.

त्याच आटपाडी-खानापूर-विट्याकडचे गलाई करणारे देशभर पसरले. सोनं-चांदी गाळण्याचं काम करत देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत ही माणसं बसली आहेत. दुष्काळानं त्यांना बाहेर काढलं आणि एकमेकांच्या आधारानं ते बाहेर टिकले. पहिला गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला, मेव्हण्यानं गावातल्या दोघांना. विट्यात आणि आसपासच्या गावांत जी घरं आणि देवळं उभी राहिली त्यांत त्या मुशीतला पैसा आहे. कसली योजना नाही, कसलं कार्यालय नाही, केवळ नात्यानं चालवलेली ही व्यवस्था कुठल्याही स्थलांतर धोरणाहून सरस निघाली.

आता आजचं बोलू. तासगाव, पलूस, मिरज भागातल्या बागांतून द्राक्षं युरोपला जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, औषधाची प्रत्येक फवारणी वहीत, मग उर्वरित अंशांची तपासणी, मग कंटेनर. रॉटरडॅम हे बंदर कुठं आहे हे पदवीधराला कदाचित सांगता येणार नाही, बागायतदाराला येतं. मालाच्या प्रवासाचा बेत आपण वर्षभर आधी करतो. माणसाच्या प्रवासाचा करत नाही. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांना परदेश अभ्यासदौऱ्यावर नेण्याची योजना आहे आणि खर्चाचा काही भाग सरकार उचलतं. तिची माहिती किती गावांत आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन एकदा विचारून पाहा.

मुलं शिकायला बाहेर जातात. इस्लामपूरचा, कराडचा, जतचा मुलगा जर्मनीला निघाला की त्याच्या घरी काय घडतं? बँक साधारण साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागते. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून धरत नाहीत. मग राहतं घर जातं. म्हणजे घर आजही गहाण पडतं. फरक एवढाच की १९५२ साली ते प्राचार्याचं होतं, आज आईबापाचं आहे. गावाला पत्ताही नसतो. सत्काराचा फलक मात्र चौकात लागतो. फलकावर चाळीस जणांचे फोटो आणि कर्जावर दोन सह्या.

नोकरीसाठी जाणाऱ्यांचं त्याहून कठीण. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर आखाती आणि इतर काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणीची अट येते. ती त्याच्या संरक्षणासाठी आहे. परदेशी नोकरी लावून देणारा दलाल नोंदणीकृत असावा लागतो आणि त्यानं उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर कर, याहून अधिक घेता कामा नये, असा नियम आहे. हा आकडा पाठ करा आणि गावात सांगा. प्रवासी म्हणून व्हिसा काढून कामाला जुंपणारे दलाल आपल्याकडंही फिरतात, आणि फसलेला माणूस लाजेनं बोलत नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे. वर्गणीवर गेलेला माणूस वर्गणीदारांचा गुलाम होतो. परत आला नाही तर कृतघ्न, आला आणि काही करू शकला नाही तर नालायक. रंगो बापूजींवर हे ओझं होतं, खाशाबांवर होतं. स्वतःच्या कर्जानं गेलेला निदान स्वतःचा मालक असतो. या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून वर्गणी कशाला द्यायची याला मर्यादा हवी. कुणाचं सगळं आयुष्य विकत घेण्याइतकी ती असू नये. दार उघडण्यापुरती असावी.

ते दार कुठं अडतं ते पाहा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली आणि दहावी आली. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला गेली आणि सतराव्या वर्षी तिरंदाजीतली जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक आणलं. माण, आटपाडी: नकाशावर जिथं पाऊस संपतो तिथून यातली दोघं निघाली. या तिघांच्या मागं अशी कितीतरी मुलं असतील ज्यांना निवडीचं पत्र येतं आणि हातात पासपोर्ट नसतो. निवड अचानक होते, कागद अचानक होत नाहीत. जन्मदाखल्यातलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं लागतं, पोलीस तपासणीला घरी कुणी सापडत नाही, असल्या गोष्टींत महिने जातात.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या संस्थेची आहे. अर्ज भरायला बसल्यावर कळतं की विद्यापीठाचं प्रवेशपत्र हवं, त्याआधी इंग्रजीची परीक्षा हवी, आणि परीक्षेच्या दारातच ओळख म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो. सगळी माळ त्या एका पुस्तिकेपासून सुरू होते.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते ते गुरुजी भूगोल शिकवत आणि देशाबाहेर कधी गेले नाहीत. त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात बसले आहेत, त्यातले अनेक जण जग फिरून आले आहेत. व्याख्यात्याला मानधनाचं पाकीट द्यायची प्रथा आहे. ते पाकीट मी इथंच संयोजकांकडं परत देतो आणि तुमच्याकडं एक मागणं मागतो.

पासपोर्टचं काम आता जिल्ह्याच्या पोस्टातच होतं. पुण्याला हेलपाटा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या साध्या पासपोर्टला एक हजार रुपये पडतात, मोठ्याच्या ३६ पानी पासपोर्टला दीड हजार. तुमच्या गावच्या शाळेत एखादी मुलगी धावते, एखादा मुलगा धनुष्य ओढतो, एखादी जर्मन शिकतेय. तिचे कागद जुळवून द्या, नावांच्या चुका दुरुस्त करून द्या, तिच्याबरोबर पोस्टात जा आणि ते हजार रुपये तुम्ही भरा. बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तीत तुमचं नाव आणि तुमच्या शाळेचं नाव लिहून जा.